मास्टर साहबांची संगमरवरी पाटी

आमच्या लखनौतल्या इंदिरा नगरच्या फ्लॅटवर त्या बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मेथी निवडत होते. लहान मुलांच्या डॉक्टर, पस्तिशीच्या जरा पलीकडच्या. सोफ्यावर बसण्याआधी त्या ह्यांच्यापुढे वाकल्या आणि म्हणाल्या, "अंकल, पहचाना? इतवार को मास्टर साहब के यहाँ वायलिन लेकर आती थी. आप खिड़की के पास बैठकर लिखते रहते थे."

ह्यांनी ओळखलं. ह्यांना हात थरथरण्याचा आजार आहे आणि त्यात चेहराही फारसा हलत नाही. रागावले काय, हसले काय, बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. मला कळतं. हे खूश झाले होते.

मास्टर साहब स्पॅनिश होते. समुद्रकाठच्या कुठल्याशा गावातून तरुणपणी लखनौला आले ते परत गेलेच नाहीत. एका शाळेत पियानो आणि वायलिन शिकवायचे, कैसरबागेमागे दोन खोल्यांत एकटे राहायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचं संगीत लिहायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मिळून ठरवलंय, शाळेच्या हॉलबाहेर त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी लावायची. शाळेनं जागा दिली आहे. अनावरणाला दिल्लीहून, स्पेनच्या दूतावासातून कुणीतरी येणार आहे. आणि ह्यांच्याकडून दोन गोष्टी हव्या आहेत. पाटीवरचा मजकूर ह्यांनी लिहायचा, ह्यांच्याच अक्षरात. आणि मास्टर साहबांनी चार वाद्यांसाठी लिहिलेली ती मोठी रचना त्या दिवशी वाजवायची, तर तिचे कागद द्यायचे.

"सब हमारे पास ही है," हे म्हणाले. "ऊपर हरे ट्रंक में. इनको मालूम है." मग माझ्याकडे वळून, "हो ना गं?"

मी म्हटलं, "हो."

त्या 'हो'पासून पुढचा दीड महिना मी कशी जगले ते आता लिहिते आहे.

आधी ह्यांचं आणि मास्टर साहबांचं काय नातं होतं ते सांगायला हवं. हे रेल्वेतले इंजिनिअर. मानक नगरच्या क्वार्टरमध्ये आमची सगळी उमेदीची वर्षं गेली. एकदा शाळेच्या पियानोचा पायाने दाबायचा भाग मोडला. तो बनवून देणारं लखनौत कुणी मिळेना, तेव्हा कुणाच्या तरी ओळखीनं ते काम ह्यांच्याकडे आलं. ह्यांनी आधी त्या तुकड्याचं ड्रॉइंग काढलं, मग तो बनवून घेतला. पियानो दुरुस्त झाला, पण मास्टर साहब बघत राहिले ते ड्रॉइंगकडेच. ह्यांचं अक्षर आणि रेघ दोन्ही छापल्यासारखं असायचं. ते म्हणाले, "जनाब, मेरी लिखावट तो मुर्गी के पंजे हैं. आप मेरा संगीत साफ़ लिख देंगे?"

ह्यांना सूर कळत नव्हता. घरी आरतीलासुद्धा हे नुसते ओठ हलवायचे. पण पाच रेघांवर ठिपके काढायचं काम ह्यांना इतकं आवडलं, की अकरा वर्षं एकही रविवार घरी थांबले नाहीत. मास्टर साहब पेन्सिलीनं खरडायचे, हे काळ्या शाईनं स्वच्छ उतरवायचे आणि उतरवून झालं की मास्टर साहब ते पेन्सिलीचे कागद फाडून टाकायचे. "दो रहेंगे तो आपस में झगड़ेंगे," म्हणायचे. म्हणजे सगळं संगीत जगात एकदाच होतं, ह्यांच्या हातचं.

शेवटी शेवटी त्यांचं छत गळायला लागलं. तेव्हा त्यांनी सगळे कागद दोन लाल कापडांत बांधून ह्यांच्या हवाली केले. ती दोन बासनं रिक्षातून मांडीवर घेऊन हे घरी आले. त्या पावसाळ्यात मास्टर साहब गेले.

आता माझं.

ह्यांच्या रिटायरमेंटनंतर क्वार्टर सोडायची तारीख ठरली होती, आणि नेमके त्याच आठवड्यात अमरावतीला ह्यांचे थोरले भाऊ वारले. हे तिकडे गेले, तेराव्यापर्यंत राहिले. मुलगी बंगळुरूला. सामान मी एकटीनं बांधलं. हिरव्या ट्रंकेचं झाकण उघडलं तर वर ठेवलेल्या ह्यांच्या ऑफिसच्या ड्रॉइंगांना वाळवी लागली होती. मातीच्या रेघा पार कडेपर्यंत गेल्या होत्या. दारात कबाडीवाला उभा होता. मी वरचे कागद काढून दिले. खाली ती लाल बासनं होती. वाळवी तिथवर पोचली नव्हती.

मी स्वतःलासुद्धा हेच सांगत आले की मी ती उघडून पाहिली नाहीत. इथे खरं लिहिते. मी एकाची गाठ सोडली. पाच रेघा दिसल्या, ह्यांचे ते टपोरे काळे ठिपके दिसले. आणि मला अकरा वर्षांचे रविवार आठवले. मुलीला ताप असताना, माझी आई इथे येऊन राहिली असताना, माझं गर्भाशयाचं ऑपरेशन होऊन मी पडून असताना, हे सकाळी नऊला शाईची बाटली रुमालात गुंडाळून बाहेर पडायचे. माणूस गेला, त्याच्यामागे रडणारं कुणी नाही, हे वाजवणार कोण, असं मी मनाशी म्हटलं. नव्या फ्लॅटला माळा एवढासा. मी गाठ परत बांधली आणि दोन्ही बासनं कबाडीवाल्याच्या पोत्यात टाकली. स्वतःच्या हातानं.

रिकाम्या ट्रंकेत रजया भरल्या आणि ती इकडे आणून माळ्यावर ठेवली. हे परत आले तेव्हा "ट्रंक आली ना?" एवढंच विचारलं. आली होती. पुढे आजार सुरू झाला, ह्यांचं स्टुलावर चढणं बंद झालं आणि सात वर्षं ती गोष्ट माळ्यावर तशीच राहिली.

डॉक्टरीणबाई गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी भाजीची पिशवी घेऊन निघाले आणि थेट मानक नगर गाठलं. तो कबाडीवाला म्हातारा झाला होता, पण त्यानं मला ओळखलं. त्यानं ऐशबागेतल्या एका गोदामाचा पत्ता दिला. तिथे कागदांचे डोंगर, वर पत्रा, आत गरम भट्टी. मालक वजनकाट्यावर बसला होता. मी लाल कापडाचं वर्णन केलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कब की बात है माताजी?"

"सात साल."

तो हसला नाही, ते बरं झालं. "सात दिन होते तो ढूँढवा देता. हफ़्ते में दो बार गाड़ी काग़ज़ की मिल को जाती है. वहाँ सब गल जाता है."

तरी मी थांबले नाही. अमीनाबादेत जाड, चांगल्या कागदाच्या पुड्या बनवतात असं कुणीसं म्हणालं, तर तिथे गेले. एका गल्लीत बायका खळ लावून कागद दुमडत बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसून ढिगारे उपसले. शाळेच्या वह्या, बँकेचे फॉर्म, जुनी पंचांगं. वेडेपणा होता हे मला कळत होतं. पण घरी गेलं की हे विचारणार, "काढलंस का?" आणि मी म्हणणार, माळ्याचं दार फुगलंय. मी म्हणणार, सुतार सोमवारी येतोय. मी म्हणणार, माझे गुडघे आज चालत नाहीत. ह्यांनी त्यावर कधी शंका घेतली नाही. चाळीस वर्षांत मी खोटं बोलल्याचं ह्यांना ठाऊकच नव्हतं.

आणि मजकुराचं काम सुरू झालं होतं. जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर चिकटवून हे बसायचे. या आजारात अक्षर बारीक बारीक होत जातं. ओळ सुरू करताना मोठं, शेवटी मुंगीएवढं. उजवा हात डाव्या हातानं धरून हे एकेक अक्षर काढायचे. दिवसाला तीन-चार शब्द. पाटी हिंदीत असणार होती. मधली ओळ ह्यांनी स्वतः सुचवली होती: 'इनका संगीत इस शहर की अमानत है.' मला वाचून दाखवली. "अमानत बरोबर आहे ना? म्हणजे कुणीतरी सांभाळायला दिलेलं." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात पदर कोंबून उभी राहिले.

मुलीला फोन करून सगळं सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, बोलते हिंदीत. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मम्मी, पापा को अभी बता दो. जितना रुकोगी उतना बुरा होगा."

"मला नाही जमणार गं."

"तो मैं बता दूँ?"

"नको," मी म्हटलं. "तू नको."

मग डॉक्टरीणबाईंकडूनच जुन्या विद्यार्थ्यांचे फोन नंबर मागून घेतले, ह्यांचं नाव सांगून. एकेकाला विचारलं, मास्टर साहबांचे काही कागद आहेत का. बहुतेक म्हणाले, नाही. अलीगंजमधल्या एका गृहस्थांनी मात्र बोलावलं. त्यांच्याकडे दोन पानांची झेरॉक्स होती. लहानपणी वायलिनच्या सरावासाठी मास्टर साहबांनी काढून दिलेली, कडा पिवळ्या, मधला भाग पुसट. अक्षर ह्यांचंच. मी ते कागद हातात घेतले आणि त्या परक्या माणसाच्या दिवाणखान्यात रडायला लागले. ते बिचारे पाणी घेऊन आले.

"तीसरा पन्ना?" मी विचारलं.

"दो ही थे, आंटी. तीसरा कहीं खो गया."

दुसऱ्या पानाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, दोन इवलीशी अक्षरं होती. त्यांचा अर्थ हेच मला कधीतरी सांगून गेले होते: पान पटकन उलटा, पुढे थांबायला वेळ नाही.

ती झेरॉक्स पर्समध्ये घेऊन दुपारी घरी आले. कुलूप उघडलं आणि आतून ह्यांचा आवाज आला, "मी इथे आहे." हे पॅसेजमध्ये स्टुलावर उभे होते. दोन्ही हातांनी माळ्याची कड धरलेली, पाय लटलटत होते. माळ्याचं दार उघडं होतं, सहज उघडणारं दार. ट्रंकेचं झाकण वर होतं आणि दोन रजया खाली फरशीवर पडल्या होत्या. त्यांना उतरता येत नव्हतं. किती वेळ तसे उभे होते मी विचारलं नाही. कमरेला मिठी मारून मी त्यांना एकेक पाय खाली घ्यायला लावला. पलंगावर बसवलं. पाणी दिलं, अर्धं अंगावर सांडलं.

"कुठे आहे?" हे म्हणाले.

मी सांगितलं. वाळवी सांगितली, कबाडीवाला सांगितला. तिथे थांबता आलं असतं. ह्यांचा विश्वास बसला असता. पण ते माझ्याकडे असे बघत होते की मी पुढचंही सांगितलं. गाठ सोडली होती. पाहिलं होतं. राग होता.

"दोन्ही बासनं?"

"दोन्ही."

हे भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी रजयांच्या घड्या घातल्या. दुसरं काय करणार होते?

पाच दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. जेवायचे, गोळ्या घ्यायचे, चमचा मी धरला तर तोंड उघडायचे, पण नजर टाळायचे. मला वाटत होतं, ह्यांनी ओरडावं, ताट फेकावं, मुलीला बोलवून घ्यावं. मी एकदा पाय धरले. त्यांनी पाय हळूच मागे घेतले, जसा माणूस दुसऱ्याला धक्का लागू नये म्हणून घेतो तसे.

सहाव्या दिवशी त्यांनी फोन मागितला आणि डॉक्टरीणबाईंना लावला. मी दाराआड होते. "बेटा, बहुत बुरी ख़बर है. ट्रंक में दीमक लग गई थी. मुझे पता ही नहीं चला. ग़लती मेरी है, मुझे साल-दो साल में देखना चाहिए था." मग थोडा वेळ ऐकून घेतलं. "नहीं, कुछ नहीं बचा."

फोन ठेवल्यावर त्यांनी ट्रेसिंग पेपर पुढे ओढला आणि मधली ओळ खोडली. खोडतानाही रेघ वाकडी आली. मग मला म्हणाले, "हे पोचवून दे." पाच दिवसांनंतरचं पहिलं वाक्य.

मी ती झेरॉक्स त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती दिवसभर पाहिली. दुसऱ्या दिवसापासून पाच रेघांचा कागद आखून ते आठवून लिहायला बसले. मला आशा वाटली. वाटलं, अकरा वर्षं हाताखालून गेलेलं आहे, हाताला आठवेल. पण ह्यांना संगीत आठवत नव्हतं, पानं आठवत होती. कुठल्या पानावर ठिपक्यांची दाटी होती, कुठे लांब कमान होती, कुठे शाई फुटली होती. सूर कुठला, ते नाही. आठ दिवसांत उभ्या रेघांमधली चार घरं भरली आणि तीही बरोबर आहेत का, सांगणारं जगात कुणी नव्हतं. नवव्या दिवशी पेनाचं टोपण लावून ते म्हणाले, "हे माझं आहे. त्यांचं नाही." कागद फाडला.

झेरॉक्स डॉक्टरीणबाईंकडे पाठवून दिली आणि ट्रेसिंग पेपर मी अमीनाबादेत दगड कोरणाऱ्याकडे पोचवला. त्यानं उजेडाला धरून पाहिला. "साहब का हाथ काँपता है. सीधा कर दूँ?" मी म्हटलं, जसं आहे तसं राहू द्या. खोडलेली ओळ दाखवून त्यानं विचारलं, "और ये? डॉक्टर मैडम का फ़ोन आया था, ये लाइन उनको पसंद है, कहती हैं ज़रूर रखना." मी 'नको' म्हणायला हवं होतं. तेवढंच माझ्या हातात होतं. पण का नको, असं त्यानं विचारलं असतं तर? मी होकारार्थी मान हलवून परत आले.

अनावरणाच्या दिवशी ह्यांना शेरवानी घातली. बटणं लावायला वीस मिनिटं लागली. शाळेत पहिल्या रांगेत बसवलं. दिल्लीच्या पाहुण्यांनी पडदा ओढला. पांढऱ्या संगमरवरावर काळी अक्षरं, वर मास्टर साहबांचं नाव, गाव, या शहरात इतकी वर्षं संगीत शिकवलं आणि रचलं असं, आणि मध्ये ती ओळ. इतकी वाकडी अक्षरं मी कुठल्या दगडावर पाहिली नाहीत. लोकांना ती सुंदर वाटली. पाहुण्यांनी भाषणात 'जीवन आणि वारसा' हे शब्द चार वेळा तरी म्हटले. हे सरळ समोर बघत होते.

मग डॉक्टरीणबाई वायलिन घेऊन उभ्या राहिल्या. ती दोन पानंच होती वाजवायला. मला त्यातलं काही कळत नाही, पण सूर हळूहळू वर चढत गेले, काहीतरी सुरू होणार असं वाटायला लागलं, आणि थांबले. दुसरं पान संपलं होतं. लोकांना वाटलं, असंच संपतं. टाळ्या झाल्या, बराच वेळ झाल्या. ह्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांचा डावा हात गुडघ्यावर हलत होता, आजारानं हलतो तसा नाही. हवेत पान उलटत होता.

पुढच्या आठवड्यात मी एकटीच डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. रडणाऱ्या पोरांच्या रांगेत बसले, नंबर आल्यावर आत गेले आणि वाळवी नव्हती, मी होते, हे सांगितलं. मला वाटलं होतं, कुणीतरी एकदा मला बोलून टाकेल, म्हणजे सुटेन. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून टेबलावर ठेवला. चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाल्या, "आंटी, ये आपने मुझे क्यों बताया?" दारात पुढची बाई मूल घेऊन उभी होती. मी उठले.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. त्या सगळ्या दिवसांत ज्या माणसाचा आवाज चढला नव्हता तो तेव्हा चढला.

"तिला कशाला सांगितलंस? मी तुझ्यासाठी एकच खोटं बोललो होतो आयुष्यात. तेवढंही ठेवलं नाहीस तू!"

त्याला आता वर्ष होत आलं. ह्यांचा आवाज अगदी बारीक झालाय. कान तोंडाजवळ न्यावा लागतो. दिवसाला पाच-सहा वाक्यं होतात, पंखा लाव, गोळी दे, मुलीचा फोन आला का. मज्जातंतूंचे डॉक्टर म्हणतात की या आजारात आवाज असा खाली जातोच, त्यात नवल नाही, बायकोनं मनाला लावून घेऊ नये. मी मान डोलावते. संध्याकाळी त्यांच्या खुर्चीशेजारी बसते तेव्हा हे गप्प असतात. त्यातलं आजाराचं किती आणि माझं किती, ते मला कळत नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही.